टॉवरची कामं आटली: तात्पुरतं आहे की आता असंच चालणार?

शेंद्रेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टॉवर आणि फायबरच्या कामातले बरेच जण इथं आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझा धंदा छोटा आहे. ऑफिस संभाजीनगरात. मराठवाड्यात साईटवर जाऊन रेडिओ, अँटेना, बेसबँड बसवायचा, चालू करून द्यायचा आणि एटीपी, म्हणजे काम नीट झाल्याची तपासणी, पास करून घ्यायची. काम थेट कंपनीकडून येत नाही, मध्ये दोन पायऱ्या आहेत. २०२२ च्या दिवाळीपासून पुढचं वर्षभर माणसं पुरत नव्हती. जालन्याहून परत निघालो की बदनापूरच्या आसपास फोन यायचा, ‘उद्या गेवराईला एक साईट वाढली, गाडी वळवा.’ रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारा माणूस, मिळेना म्हणून यूपीची पोरं आणून खोल्या घेऊन ठेवली होती.

आता पीओ (कामाची ऑर्डर) येतो तो मोजक्या साईटचा. तोही नवीन बसवायचा नाही, जुनं काढून गोडाऊनला जमा करायचा. रेट तर उतरलेच.

वाचायला मिळतं की हे आपल्याकडंच नाही, जगभर असं आहे. रॅनचा बाजार, म्हणजे टॉवरवरचे रेडिओ-अँटेना आणि खालची सिग्नल हाताळणारी बेसबँडची पेटी, २०२२ मध्ये ४५ अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो २०२४ मध्ये ३५ वर आला. दोन वर्षांत दहा अब्ज कुठं गेले, हे मोठ्यांचं त्यांना माहीत. मला एवढंच कळायला हवंय की हा मधला थांबा आहे की धंदाच आटला. गाड्या ठेवू की विकू? पुस्तकी ज्ञान नको, अनुभव सांगा.

कट्टेकरी

‘ज्ञान नको’ म्हणालात ना, आता धागा शंभरी गाठणार.

रिगर_परभणी

शेंद्रेकर दादा, तुमच्यासारखे लई जण हेच म्हणायलेत. आमचं ऐका. मी टॉवरवर चढणारा माणूस. २०२३ ला एका दिवसात दोन साईट करायलो होतो. आता महिन्यातनं मोजून काम. आमच्या टोळीतले निम्मे सोलरवर गेले. शेतीच्या फीडरसाठी जे सोलर प्लांट उभे राहायलेत ना, तिथं. काहीजण पवनचक्कीवर गेले, भूम-वाशी-पाटोदा पट्ट्यात. उंचीची भीती गेलेला माणूस कुठंबी चालतो. पगार जरा कमी हाय पण वेळेवर पडतो. टॉवरच्या कामात हार्नेस, हाईटचं सर्टिफिकेट, इन्शुरन्स, सगळं मागतेत आणि पैसे तीन महिन्यांनी.

मांजरा

मी मूळची केजची, आता पुण्यात आरएफ प्लॅनिंगमध्ये, म्हणजे टॉवर कुठं आणि किती हवेत ते ठरवण्याच्या कामात आहे. दोन्ही बाजू थोड्या दिसतात म्हणून लिहिते.

शेंद्रेकरजी, तुमच्या धंद्याला गळती लागलेली नाही, काम संपलं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये स्पेक्ट्रमचा लिलाव झाला, दीड लाख कोटींच्या बोली लागल्या. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं. दोन मोठ्या ऑपरेटरमध्ये चढाओढ होती की देशभर आधी कोण पोचतो. एरवी चार-पाच वर्षं रेंगाळणारं काम त्या चढाओढीपायी सव्वा-दीड वर्षात उरकलं. २०२४ च्या सुरुवातीलाच देशात चार लाखांवर ५जी बेस स्टेशन लागली होती.

हे विक्रेत्यांच्या आकड्यांत सरळ दिसतं. नोकियाची भारतातली विक्री २०२२ मध्ये पावणेदोन अब्ज युरोच्याही बरीच खाली होती, २०२३ मध्ये ती २.८ अब्जांवर गेली आणि २०२४ मध्ये निम्म्यावर आली. म्हणजे चढ आला आणि गेला. २०२३ हे वर्ष ‘नेहमीचं’ धरून कुणी गाड्या घेतल्या असतील, माणसं भरली असतील, तर हिशोब तिथंच चुकला. टोमणा म्हणून म्हणत नाही, मोठमोठ्या कंपन्यांनीही तेच केलं.

दुसरं, आता बसतंय त्या उपकरणाला पुन्हा हात लावायची गरजही कमी पडते. पूर्वी २जी, ३जी, ४जी यांच्या पेट्या वेगळ्या असायच्या. प्रत्येक वेळी कॅबिनेट नवं, फीडर केबल नव्या, चढाई नवी. आता एकाच रेडिओत दोन-तीन तंत्रं चालतात, कितीतरी बदल ऑफिसात बसून सॉफ्टवेअरने होतात. रिगर चढतच नाही.

निवृत्त_लातूर

मी सरकारी दूरध्वनी खात्यात भरती झालो आणि निवृत्त झालो तेव्हा खात्याचं महामंडळ झालं होतं. मांजराताईंनी सांगितलं ते खरं आहे. फक्त हे पहिल्यांदाच घडत नाही, एवढं जोडतो.

१९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं. त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज आलं, एसी नसलं तरी चालायचं. आमच्या औसा-निलंगा भागातल्या उन्हात ही मोठी गोष्ट होती. त्या काळी एक्स्चेंज बसवणारी माणसं राजासारखी फिरायची. मग ते काम भरलं. पुढे केबलचं आलं, ते भरलं. मग मोबाईल. दर वेळी बसवणारा रिकामा झाला आणि दुरुस्तीवाला टिकला.

आणि पेट्यांवरची नावं! लुसेंट २००६ ला अल्काटेलमध्ये गेली. नॉर्टेल २००९ ला दिवाळखोरीत. मोटोरोलाचा नेटवर्कचा धंदा २०११ ला नोकिया-सीमेन्सने घेतला. सीमेन्स बाहेर पडली. २०१६ ला अल्काटेल-लुसेंटही नोकियाच्या पोटात. आता जगात मोठ्या म्हणाव्या अशा पाच उरल्या: हुआवे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई आणि सॅमसंग. त्यांतल्या दोन चिनी. २०२१ पासून विश्वासार्ह स्रोताची अट, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या पुरवठादाराचीच उपकरणं घ्यायची, आल्यावर आपल्याकडच्या नव्या कामात त्या नसल्यातच जमा. तेव्हा विक्रेत्यांची स्थिती फार सुखाची कधीच नव्हती. आपल्याला ती आत्ता दिसते, इतकंच.

बालाघाट

सगळे हुशार लोक बोलायलेत, मला एक सांगा. काम भरलं, बाजार भरला म्हणता. आमच्या वस्तीवर फोन लावायचा तर अजून धारूरच्या बाजूच्या टेकाडावर जावं लागतं. लेकराची ऑनलाइन परीक्षा होती, तर त्याला मोटारसायकलवर घेऊन रस्त्याला जाऊन बसलो. मग भरलं कुठं? संभाजीनगरात एका चौकात तीन-तीन टॉवर, आमच्याकडं एक बी नाही.

मांजरा

बालाघाट दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्हीच विचारला. गरज आणि मागणी वेगळी असते. बाजार मोजला जातो तो पैसे देऊन झालेल्या खरेदीवर. ज्या साईटमधून खर्च निघणार नाही ती खरेदीच्या यादीत येतच नाही.

तुमच्याच भागातली एक गोष्ट सांगते, इतरांना कदाचित ठाऊक नसेल. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोद्याची माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथल्या साईटचा ट्रॅफिक धपकन उतरतो आणि पाच-सहा महिने तसाच राहतो. पुण्या-मुंबईत बसून वार्षिक सरासरी काढणाऱ्याला ती साईट ‘कमकुवत’ दिसते. उन्हाळ्यात माणसं परतली की तीच साईट गुदमरते. मी हे एकदा मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा समोरच्यांनी ‘सीझनल मायग्रेशन’ अशी नोंद केली आणि पुढच्या स्लाईडवर गेले.

अशा गावांसाठी पैसा सरकारी निधीतूनच येतो. पूर्वीचा यूएसओ फंड, आता डिजिटल भारत निधी. जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची ४जी सॅच्युरेशन योजना मंजूर झाली, देशातल्या २४,६८० नेटवर्क नसलेल्या गावांसाठी, आणि ती बीएसएनएलकडे आहे. गाव त्या यादीत आहे का, ते ग्रामपंचायतीतून पत्र देऊन विचारा. तोंडी विचारलं तर कुणी उत्तर देत नाही.

बालाघाट

पत्र दिलंय ताई. पोच बी हाय. पुढं काय ते बघू.

बाकी शेंद्रेकर दादांना माझ्याकडनं एक सांगणं. दुष्काळात आमच्या गावात बोअरच्या गाड्या यायच्या, रात्रंदिवस भोकं पाडायच्या. गावभर बोअर झाले की गाडी निघून जायची, पुन्हा तोंड दाखवायची नाही. मोटर काढून-टाकून देणारा गावातला पोऱ्या मात्र अजून बी कमवायलाय. तुमची गाडी बोअरची हाय का मोटरवाल्याची, ते बघा म्हणजे उत्तर मिळंल.

कट्टेकरी

कन्सल्टंट लोक ह्याच वाक्याचे लाखो रुपये घेतात.

उदगीर_ते_उत्तर

मी उदगीरचा, बरीच वर्षं उत्तर युरोपात, याच उद्योगात आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

इकडची परिस्थिती थोडक्यात. एरिक्सनने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८,५०० जागा कमी करायचं जाहीर केलं. नोकियाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १४,००० पर्यंतचा आकडा सांगितला, २०२६ पर्यंतचा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एटी अँड टीने पाच वर्षांचं जवळपास १४ अब्ज डॉलरचं काम एरिक्सनला दिलं आणि त्यात नोकियाची जागा गेली. एकाचा ग्राहक दुसऱ्याने उचलला, बाजार काही वाढला नाही. गेली काही वर्षं असंच चाललंय: भाकरी तेवढीच, ताटं सरकतात.

मला यात खटकणारा आकडा वेगळा आहे. २०१८-१९ मध्ये जगातला मोबाईल डेटा वर्षाला ८० टक्क्यांच्या वर वाढत होता, आणि त्यात मोठा वाटा भारताचाच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आपल्या गावाकडच्या माणसानेही रोज व्हिडिओ बघायला सुरुवात केली. आता हीच वाढ २० टक्क्यांच्या आसपास आली आहे. भारतात एका स्मार्टफोनमागे महिन्याला तीसेक जीबी डेटा जातो, जगात सर्वात जास्त वापरणाऱ्यांत आपण आहोत. माणूस दिवसात व्हिडिओ बघून बघून किती बघणार? डोळे दोनच, तास चोवीसच.

डेटा दरवर्षी जवळजवळ दुप्पट होत होता तोवर ऑपरेटरला दर दोन वर्षांनी क्षमता वाढवावीच लागायची. इच्छा असो-नसो, खरेदी ठरलेली. ते बंधन सैल झालं आहे. म्हणून मी ‘तात्पुरतं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. पुढचा चढ येईल, ६जीचा, साधारण २०३० च्या आसपास. तो आधीच्या इतका उंच असेल याची खात्री मात्र इथं वरच्या मजल्यावरचे लोकही देत नाहीत. खासगीत तर नाहीच.

गोदाकाठ

पण एआयमुळे ट्रॅफिक वाढणार म्हणतात ना? एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकियात एक अब्ज डॉलर घातले. उगाच घालतील का?

उदगीर_ते_उत्तर

उगाच नाही, त्यांना त्यांची चिप टॉवरखालच्या पेटीत घालायची आहे. त्यांच्या दृष्टीने तो नवा गिऱ्हाईक. ऑपरेटरला त्यातून काय मिळणार, हे अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. ५जीच्या वेळीही हेच ऐकलं होतं: रोबोट, दूरवरून शस्त्रक्रिया, आपोआप चालणाऱ्या गाड्या. प्रत्यक्षात भारतात ५जीचा सर्वात मोठा नवा उपयोग काय झाला? घराच्या गच्चीवर डबा लावून वायफाय. एअरफायबर. वाईट नाही, पण त्याला माणसं महिन्याला पाचशे-सहाशे रुपयेच देतात.

निवृत्त_लातूर

आणि त्यासाठी शेकडो जीबी वापरतात. मोबाईलवर ऑपरेटरला माणशी महिन्याला मिळतात ते दोनशे-अडीचशे. जुलै २०२४ मध्ये दर वाढवले तेव्हा काय ओरड झाली! माझ्या शेजाऱ्यांनी नंबर पोर्ट करून बीएसएनएल घेतलं, चार महिन्यांत रेंज नाही म्हणून परत आले.

गोदाकाठ

बीएसएनएलचा विषय निघालाच आहे तर, एका ग्राहकावर अवलंबून राहिलं की काय होतं त्याचं ताजं उदाहरण. बीएसएनएलचं ४जी देशी उपकरणांवर उभं केलं: टीसीएस जोडणी करणार, कोअर, म्हणजे नेटवर्कचा मध्यवर्ती भाग, सी-डॉटचा, रेडिओ तेजस नेटवर्क्सचे. एक लाख साईटचं काम. २७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी ओडिशात झारसुगुड्याला ९७,५०० टॉवरचं लोकार्पण केलं. देश म्हणून मोठी गोष्ट आहे, माझी छाती फुगली.

पण तेजसच्या तिमाहीकडे बघा. एप्रिल-जून २०२४ मध्ये महसूल दीड हजार कोटींच्या वर. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०२ कोटी, आणि १९४ कोटींचा तोटा. कंपनीत बिघाड नाही. ऑर्डर पुरवून झाली, पुढची आली नाही. शेंद्रेकर भाऊ, तुमचीच गोष्ट आहे, फक्त शून्यं जास्त.

संचालक

गोदाकाठ, उदाहरण ठीक. शेअर घ्यावा की विकावा, इकडे या धाग्यात वळू नका. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

कंपास_नांदेडी

सर्वांना नमस्कार. मी नांदेडला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचून पोटात गोळा आला. सिनियर म्हणायचे ५जीमुळे जॉबच जॉब. आता ब्रँच बदलता येत नाही. करू काय?

मांजरा

घाबरू नकोस रे. उपकरणं विकणं मंदावलं, नेटवर्क बंद पडलेलं नाही. शंभर कोटींवर मोबाईल जोडण्या आहेत, त्या कुणीतरी चालवायच्याच आहेत. अँटेनाचा सिद्धांत सोडू नकोस, पण जोडीला लिनक्स, आयपी राउटिंग आणि थोडं पायथन शिक. ५जीचा कोअर आता सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मॅसिव्ह मायमोची व्याख्या तोंडपाठ असते, पण लॉग फाइल उघडून चूक शोध म्हटलं की गप्प.

उदगीर_ते_उत्तर

आणि ऑप्टिकल, म्हणजे फायबरमधून प्रकाशाने डेटा पाठवणं. ऑप्टिकलकडे दुर्लक्ष करू नकोस. रेडिओ झोपलाय तेव्हा तेच जागं आहे. नोकियानेही इन्फिनेरा ही ऑप्टिकलवाली कंपनी २.३ अब्ज डॉलरला विकत घेतली, ती उगाच नाही.

वाळूज_बी_शिफ्ट

बरं झालं कुणीतरी ऑप्टिकल म्हणालं. मघापासून वाट बघायलो.

आपल्या लोकांना ठाऊक असतं की वाळूजला गाड्या बनतात, औषधं बनतात, बिअर बनते. काचेचा धागा बनतो हे किती जणांना माहीत आहे? स्टरलाईट टेक्नॉलॉजीजचा ऑप्टिकल फायबरचा कारखाना वाळूजला आहे, आणि ज्या काचेच्या दांड्यातून तो धागा ओढतात त्या प्रीफॉर्मचा शेंद्र्याला. अख्ख्या देशात काचेपासून धाग्यापर्यंत सगळं एका शहरात होतं अशी जागा शोधून दाखवा. दांडा दोन हजार अंशांच्या आसपास तापवायचा आणि त्यातून १२५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढा धागा ओढायचा, किलोमीटरच्या किलोमीटर, कुठं तुटू न देता. मी त्या कंपनीत नाही, पण त्याच पट्ट्यात याच धंद्याच्या आसपास आहे.

आता मुद्दा. फायबरचं चक्र आणि रेडिओचं चक्र एक नाही. फायबरने दोन मोठे झटके आधीच खाल्ले. पहिला २०१९ ला: चीनमध्ये घरोघरी फायबर पोचवून झालं, चायना मोबाईलच्या निविदेत भाव निम्म्यावर आले आणि उरलेला माल जगभर सांडला. दुसरा २०२३ ला: अमेरिकेतल्या कंपन्यांनी कोविडच्या टंचाईत भीतीपोटी जास्तीचं भरून ठेवलं होतं, मग वर्ष-दीड वर्ष गोडाऊनमधलंच वापरत बसल्या. इथल्या लाइनी मंदावल्या त्या तेव्हा. इथं कुणाचा ट्रेंच थांबला म्हणून नाही, अमेरिकेतल्या गोडाऊनमुळे.

आता डेटा सेंटरमुळे मागणी परत आली. एआयच्या एका इमारतीत साध्या डेटा सेंटरच्या कितीतरी पट फायबर लागतो. म्हणून शेंद्रेकर भाऊ, रिगर कमी करा आणि स्प्लायसर (फायबर जोडणारे) वाढवा.

शेंद्रेकर

भाऊ, डेटा सेंटर नवी मुंबईत. मी बसलोय इथं. तिथले ठेकेदार मला आत घेतील होय?

वाळूज_बी_शिफ्ट

डेटा सेंटरच्या आत नाही म्हणत. बाहेरच्या लाइनी. नागपूर-तुळजापूर हायवे, धुळे-सोलापूर हायवे, समृद्धी, सगळ्यांच्या कडेनं फायबर आहे आणि जिथं रस्त्याचं, पाइपलाइनचं काम निघतं तिथं जेसीबीवाला तो तोडतोच. तोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. रात्री दोनला लिंक डाऊन झाली की त्या टापूत स्प्लायसिंग मशीन घेऊन कोण पोचतो, त्याला काम. त्याला मंदी नाही.

रिगर_परभणी

हे खरं हाय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात भूम-परांड्याकडं आणि बीडच्या खालच्या बाजूला काय हाल झाले. शेल्टरमधी पाणी, रेक्टिफायर गेले, बॅटऱ्या गेल्या, केबल वाहून गेली. तेव्हा आठ दिवस आम्ही घरी आलो नाही. लोकांची पिकं गेली, जमिनी खरवडून गेल्या, आणि आम्हाला काम मिळालं. वाईट वाटतं म्हणायला पण हाय ते हाय.

कट्टेकरी

आणि बॅटरीचोर विसरलात. लिथियमच्या बॅटऱ्या आल्यापासून त्यांचाही धंदा तेजीत. या क्षेत्रात वाढ दाखवणारे तेच.

शेंद्रेकर

आता खरी दुखरी नस सांगतो. काम कमी झालं ते एक वेळ सोसता येतं. पैसे अडकले ते सोसत नाही. वरच्याला त्याचा वरचा देत नाही, म्हणून तो मला देत नाही. काम झालं, एटीपी झाली, मेजरमेंटवर सही झाली, तरी बिल ‘सिस्टीममध्ये’ आहे. मी मात्र इनव्हॉइस काढल्या महिन्याचा जीएसटी भरून बसलो. तेजीत हे झाकलं जातं, नव्या कामाचा ॲडव्हान्स जुन्या खड्ड्यात घालता येतो. मंदीत खड्डा उघडा पडतो.

निवृत्त_लातूर

उद्यम नोंदणी आहे ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. आणि एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३बी (एच) लागू झालंय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करता येतो. मार्च जवळ आला की वरच्याच्या सीएला एक सभ्य ईमेल टाका, सोबत उद्यमचं प्रमाणपत्र. भांडण नाही, फक्त आठवण. माझ्या जावयाचं बरंच सुटलं. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी समाधान पोर्टल आहेच, पण तिथं गेलात की पुढचा पीओ विसरा.

आणि हे फक्त लहानांचं दुखणं समजू नका. एरिक्सनसारख्या कंपनीला अनिल अंबानींच्या आरकॉमकडून साडेपाचशे कोटी वसूल करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. फेब्रुवारी २०१९ ला कोर्टाने अवमान ठरवला, चार आठवड्यांत भरा नाहीतर तुरुंग, तेव्हा मार्चमध्ये पैसे आले. तुमच्याकडे तेवढे वकील नाहीत, म्हणून ईमेल.

गोदाकाठ

एक आशा आहे ती सांगून ठेवतो. व्होडाफोन आयडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये नोकिया, एरिक्सन आणि सॅमसंगला मिळून तीन वर्षांचं साधारण ३०,००० कोटींचं काम दिलंय. त्यातलं काही आपल्या सर्कलमध्ये येणारच.

मांजरा

येईल, पण त्यावर घर बांधू नका. त्यांच्यावर एजीआरच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या महसुली वाट्याच्या, थकबाकीचा डोंगर आहे, पैसा हाती येईल तसं काम निघतं. आणि आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची ठिकाणं. किनवट-माहूरचा नंबर यायला वेळ आहे.

शेंद्रेकर

सगळं वाचलं. आभार मानत बसत नाही, कामाचं बोलतो. दोन गाड्या काढतोय, एक बोलेरो ठेवतोय. यूपीची पोरं परवा पाठवली, त्यांचा हिशोब चुकता केला. चार इथले रिगर ठेवले, त्यांतल्या दोघांना स्प्लायसिंग शिकवायचं आहे. उदगीरकर म्हणतात तसं २०३० ला खरंच ६जी आलं तर तेव्हा बघू. तोवर हप्ते कोण भरणार?

वाळूजवाले भाऊ, स्प्लायसिंग मशीन नवीन घेऊ की जुनं? आणि बीड ते अंबाजोगाई पट्ट्यात देखभालीचं काम कुणाकडं आहे, काही कल्पना?

वाळूज_बी_शिफ्ट

जुनं चालेल, पण किती आर्क झालेत ते मेनूत बघून घ्या आणि इलेक्ट्रोड बदलूनच आणा. सहा मोटरचं घ्या, चार मोटरचं स्वस्त पडतं पण कोअर जुळवताना रडवतं. ओटीडीआर (फायबर कुठं तुटली ते दाखवणारं यंत्र) मात्र भाड्याने घ्या आधी. पट्ट्याचं आणि रेटचं इथं नको, मेसेज करतो.

रिगर_परभणी

दादा, ते दोघं कोण ते ठरलं का? नसंल तर माझं नाव धरा. परभणीहून अंबाजोगाई लांब नाही मला.